छत्रीच्या तारेची चिमटी

तर कालचं अर्धं राहिलं ते असं, की गळ टाकायचा नाद असलेल्या छत्रीवाल्याचे हात म्हातारपणी थरथरायला लागले आणि माशांना भुलवणारी पिसांची खोटी माशी दोरीला बांधायचं काम त्याच्या बायकोकडे आलं. नदीकाठी, आभाळ पाण्यात उतरलेलं असताना, ती गाठ मारायची, ओठांनी ओली करून हळूच आवळायची. मग त्यानं मोडक्या छत्रीच्या तारेची बोटभर चिमटी केली. चिमटीत माशी धरायची, दोरीचे वेढे द्यायचे, ओढलं की गाठ तयार! स्वारी हरखून गेली. बायको मात्र धुक्याकडे बघत राहिली.

"झालं! आता माझं काय काम इथं? उद्यापासून जा एकटेच."

चिमटी खिशात टाकत तो म्हणाला, "अगं, गाठ ही चिमटी मारेल, पण मासा निसटल्यावर मला हसणार कोण?"