हिर्डोशीचा तळहाताएवढा कॉम्प्युटर

आधी चहा संपवा, मग सांगतो. हसताना ठसका लागला तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं! फजिती माझीच आहे, आणि तीही भर सभेत झालेली.

मी भोरचा. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, डॉक्टरेट केली. पण आजही घराला कुलूप लावलं की पुन्हा पुन्हा ओढून बघतो. अशा माणसाला हिर्डोशीच्या महिला बचत गटानं सल्ला विचारला! त्यांच्या नाचणीच्या पापडांना पुण्याहून ऑर्डरी यायच्या. त्या बघायला, बिलं करायला दर वेळी एसटीची वाट बघत भोरला यायचं. त्यापेक्षा गावातच एक स्वस्तातला लॅपटॉप घ्यावा, असं चाललं होतं.

मी आडवा आलो. म्हटलं, स्वस्त लॅपटॉप म्हणजे स्वस्त छत्री, पहिल्याच वाऱ्यात उलटी! त्यापेक्षा छोटा कॉम्प्युटर घ्या. तळहाताएवढी काळी डबी. पडद्याला तुमच्या गटाच्या खोलीतला टीव्ही आहेच. वीज इतकी कमी खातो की लाइट गेली तरी सौर बॅटरीवर काम चालू राहील.

गटाच्या अध्यक्षा सुरेखाताई म्हणाल्या, "सर, तुमी म्हणताय तर त्योच घेऊ. पण चालंल ना?"

चालंल ना! एवढंच विचारलं हो त्यांनी, पण माझं अन्न गोड लागेना. घरी ती डबी रोज जोडून बघितली. रोज चालायची. मग वाटायचं, भोरात चालते, पण वर डोंगरात चालेल का? आता कॉम्प्युटरला कधी घाटात धाप लागते का? पण वाटायचं!

उद्घाटनाला सौभाग्यवतींना घेऊन गेलो. डबी टीव्हीला जोडली, पडदा लखलखला, मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात बायका ताट घेऊन आल्या आणि टीव्हीला हार घालून हळदकुंकू लावू लागल्या.

"अहो, तो नुसता टीव्ही! कॉम्प्युटर मागे आहे."

"आगं बया, एवढुसा?" सखूआजी वाकून म्हणाल्या. "मग म्होरं आणा की त्याला. पूजा काय पाठीमागनं करायची व्हय?"

बरोबरच होतं. मी वायरी काढल्या. ताटात नारळाशेजारी कोरा खण होता. डबीला ओरखडे नकोत म्हणून ती अलगद खणावर ठेवली. कुंकू लागलं, अक्षता पडल्या आणि मी भाषणाला उभा राहिलो.

भाषणात मान वर करायची माझी हिंमत नसते. मी कागदात डोकं खुपसून वाचत होतो आणि माझ्या मागे बायका सौभाग्यवतींची ओटी भरत होत्या. पहिल्यांदा गावात आलेली सवाष्ण, तिला तशीच कशी पाठवतील?

"हे यंत्र स्वस्त आहे," मी वाचलं. "कमी खातं, आवाज करत नाही. सुरू व्हायला जरा वेळ लावतं, पण आपण धीर धरायचा."

टाळ्या. मी ऐटीत टीव्हीचं बटण दाबलं. निळा पडदा. सिग्नल नाही.

"धीर धरा," मी म्हणालो.

सगळ्यांनी धरला.

"सर, ह्यो धीर किती येळ धरायचा?"

मी बॅटरी तपासली, प्लग हलवला, रिमोट झटकला. हार विस्कटेल म्हणून टीव्हीच्या मागे तेवढं बघितलं नाही. डॉक्टरेट!

"माजी जाऊ म्हनत हुती, लॅपटॉपच घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "निदान दिसतोय तरी डोळ्याला!"

सुरेखाताई नुसत्या त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. तेच मला जास्त लागलं. माझ्या शब्दावर गटानं भरवसा टाकला होता हो! मी हात जोडले. "ताईंनो, निवड चुकली. चूक माझी. हे यंत्र मी परत करतो, तुम्ही लॅपटॉप घ्या."

"परत कराल, पण हाय कुठं त्ये?" सुरेखाताई टीव्हीच्या मागे डोकावल्या होत्या.

वायरी लोंबत होत्या. मी ताटाकडे धावलो. ताटात नुसतं कुंकू!

सौभाग्यवती पदर चाचपू लागल्या. "अहो, हे तर नव्हे? मला वाटलं सुपारीची डबी घातलीय. म्हटलं, किती हौशी बायका!"

तांदूळ, नारळ, हळकुंड आणि मधोमध खणात गुंडाळलेला आमचा कॉम्प्युटर!

"म्याच घातला," सखूआजी ठसक्यात म्हणाल्या. "सरांनी खणावर ठेवला हुता. खणावरचं ओटीतच जातं."

मी हात पुढे केला. आजींनी तो हाणून पाडला. "न्हाई न्हाई! ओटीतलं माघारी घेत न्हाईत. आता त्यो काकींचा!"

आणि गंमत बघा, एकही बाई हरकत घेईना! ऑर्डरी राहिल्या, पापड राहिले, पण ओटी मोडायची कशी? सुरेखाताईंचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात नव्या डबीसाठी माझं घड्याळ विकायला काढलं.

सौभाग्यवती मात्र शांतपणे उठल्या. "सुरेखा, बस गं पाटावर." कुंकू लावलं आणि खणासकट सगळं तिच्या पदरात घातलं. "झाली तुझी ओटी भरून. जोड आता!"

फटीतला तांदूळ टाचणीनं काढला, वायरी खोचल्या, पडदा लखलखला. खोलीत असा गलका झाला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. पहिली ऑर्डर सुरेखाताईंनी स्वतः उघडली.

आम्ही एसटीत बसताना सुरेखाताईंनी हळूच विचारलं, "काकी, जिवावर न्हाई ना आलं? एवढी चांगली वस्तू देऊन टाकलीत."

"छे गं! कमी खाणारं, आवाज न करणारं, सुरू व्हायला वेळ लावणारं एक आहे ना माझ्या घरी आधीच." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फक्त आपली वायर आपणच काढलीय, हे त्याच्या लक्षात राहत नाही."