लंडन ते मुंबई, नऊ तास

मित्रांनो, आज दुपारी घडलेलं लिहितोय. मन अजून थाऱ्यावर नाही.

माझी चुलत बहीण सुरेखा लंडनला नर्स आहे. काका मुरबाडच्या दवाखान्यात होते. विमानात बसण्याआधी तिनं फोन केला, तेव्हा काका कसेबसे म्हणाले, "ये गो, मी हाय इथंच."

मग तिचा फोन बंद झाला. काकी सारखी विचारायची, "किती टाइम लागंल रे इमानाला?"

"नऊ तास, काकी. सात हजार किलोमीटर हाय."

मोबाइलवरच्या नकाशात तिचं विमान दिसत होतं. ते अर्ध्या वाटेवर असताना काका गेले. विमान आपलं पुढं सरकतच होतं. मला ते बघवेना.

काकी म्हणाली, "घरी येस्तोवर तिला काय सांगू नको. वाटंत कशी सोसंल?"

काकांना मुरबाडच्या पुढं, वैशाखऱ्याला गावी घरी नेलं आणि मी गाडी घेऊन विमानतळावर गेलो.

"बाबा कसे आहेत?" सुरेखानं भेटल्या भेटल्या विचारलं.

"तुझी वाट बघतायत," मी म्हणालो.

कल्याण सुटल्यावर तिनं काकीला दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. मग तिनं फोन पर्समध्ये ठेवून दिला. मुरबाड आलं आणि मी गाडी न वळवता सरळ माळशेजच्या रस्त्याला घेतली.

"दादा, दवाखाना मागं राहिला," ती हळूच म्हणाली.

मी गाडी बाजूला थांबवली आणि इंजिन बंद केलं. शेवटी तिनंच विचारलं, "कधी गेले रे?"

"तू विमानात होतीस तेव्हा."

तुम्ही असता तर विमानतळावरच सांगितलं असतं का?