बाईंचा बारीकसा प्रश्न

"सभापती महोदय, माझा एक बारीकसा प्रश्न आहे," असं बाई मऊ आवाजात म्हणाल्या, की मंत्र्यांच्या मागच्या कक्षात बसलेल्या अधिकाऱ्यांची चुळबुळ सुरू होई. कोणी फाईल उघडे, तर कोणी प्रश्न ऐकण्याआधीच मंत्र्यांसाठी चिठ्ठी लिहायला घेई. ओरडणाऱ्या आमदारांची या मंडळींना सवय होती. ओरडणारा माणूस उत्तर ऐकत नाही. बाई उत्तर शेवटपर्यंत ऐकत, आणि खरी पंचाईत तिथून पुढे असे.

बाई नागपूरजवळच्या पारशिवनीला भूगोल शिकवत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि शिक्षकांच्या मतांवर विधान परिषदेत निवडून आल्या. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, पुढे त्यांचीच स्वीय सहायक झाले. सभागृहात त्या 'सन्माननीय सदस्या' होत्या, पण दाराबाहेर आल्या की पक्षाचा असो वा विरोधातला, प्रत्येक जण त्यांना 'बाई'च म्हणे. सभागृहात त्यांचं मराठी छापील असे. बाहेर आल्यावर चपला घालता घालता त्या नागपुरीवर येत.

नवी असताना मी त्यांना विचारलं होतं, "बाई, सरकार पडायचं तर ते विधानसभेत पडतं. पैशाचं विधेयक आपल्याला अडवता येत नाही. मग या वरच्या सभागृहानं करायचं तरी काय?"

बाई शेंगदाणे सोलत होत्या. "घरात सासू असते ना वं, तशी आपली परिषद. चावी सुनेजवळ, स्वयंपाकही सुनेचा. पण सासूनं नुसतं 'मीठ टाकलं काय?' म्हटलं तरी सून एकदा चाखून पाहते. आपण मीठ विचारायचं."

आणि त्या विचारत. एका शाळेत नळ बसवल्याचं लेखी उत्तर आलं, तेव्हा बाई स्टीलचा पेला घेऊन सभागृहात उभ्या राहिल्या. सभापतींनी लगेच हटकलं, सभागृहात वस्तू दाखवता येत नाही. बाई नम्रपणे म्हणाल्या, "मी काहीच दाखवत नाहीये, महोदय. हा पेला त्या नळाखाली धरून आणलाय. यात काहीही नाही." खुद्द सभापतींनी तोंडावर रुमाल धरला. त्या शाळेला पाणी मात्र आठवडाभरात आलं.

ज्याच्यासाठी मला बाई कायमच्या आठवतात, ते प्रकरण नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनातलं. कमी पटाच्या शाळा 'जवळच्या' शाळेत विलीन करण्याचं विधेयक होतं. विधानसभेत ते गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं आणि आमच्याकडे आलं. बाईंनी ते पेपर तपासावा तसं वाचलं आणि एका शब्दावर थांबल्या.

"जवळची म्हणजे कोणती वं?"

"म्हणजे... जवळची," मी म्हटलं.

"कशावरून मोजून राहिली तू? नकाशावरून का पायानं?"

पारशिवनीच्या बाजूला एका लहानशा गावात शाळा होती. नकाशावर पुढच्या गावची शाळा तिला अगदी खेटून दिसे. मधल्या नाल्याचं नकाशाला काही वाटत नव्हतं. पूल लांब होता, आणि पावसाळ्यात नाल्यात उतरायची मोठ्या माणसांचीही छाती होत नसे. बाईंनी दुरुस्ती सुचवली: 'जवळच्या' या शब्दाआधी 'पायी वाटेने' हे शब्द घालावेत. बहुमत सरकारचं होतं. मंत्री हसून म्हणाले, "बाई, शब्दांत काय आहे? भावना समजून घ्या."

हे मंत्री आमच्याच सभागृहाचे सदस्य. गडी मोकळा, खाण्याचा शौकीन, पण दुसऱ्या भागातला. नागपूर त्यांना हिवाळ्यापुरतंच ठाऊक. बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाठलं. "साहेब, खरे तर्री-पोहे खाल्ले का कधी? रुळांपलीकडे एक गाडी लागते. जवळच आहे. गाडी-बंदोबस्त नको, चालतच जाऊ."

त्यांच्या अधिकाऱ्यानं मोबाईलवर नकाशा पाहिला. "हो सर, अगदी समोरच आहे."

समोर होतंच. मधे रेल्वेचे रूळ होते. आम्ही रुळांशी गेलो, पलीकडे पोह्यांची वाफ दिसत होती, आणि ओलांडायला वाट नव्हती. मग भिंतीच्या कडेनं, ऑटोंच्या रांगेतून, पुलाचा चढ चढून आणि पलीकडचा उतार उतरून आमची वरात निघाली. मंत्र्यांनी आधी जॅकेट काढलं, मग बोलणं बंद केलं. अधिकारी मोबाईलकडे असा पाहत होता की जणू त्यानंच दगा दिला. बाई पुढे, पदर खोचून, झपझप.

पोह्यांच्या गाडीशी मंत्री बाकावर कोसळलेच. "बाई, तुम्ही तर जवळ म्हणालात!"

"मी एकटीच कुठं म्हणते, साहेब? तुमचा नकाशाही तेच म्हणून राहिला." बाईंनी पोह्यांवर आणखी एक पळी तर्री ओतायला लावली. "तुमच्या-माझ्या वाटेत रूळ होते. त्या लेकरांच्या वाटेत नाला आहे. अन् त्यांच्यासाठी पलीकडे पोहे नसतात."

मंत्री हसायला लागले, तर्रीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पण प्लेट त्यांनी दुसरीही घेतली.

दुपारी ते सभागृहात म्हणाले, की दुरुस्ती स्वीकारली तर विधेयक पुन्हा विधानसभेत न्यावं लागेल आणि अधिवेशन तर संपतंय. मात्र अंतर पायी वाटेनंच मोजलं जाईल असं नियमांत लिहू, हे आश्वासन त्यांनी सभागृहाला दिलं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी माझी दुरुस्ती मागे घेते."

मला रडू यायचं बाकी होतं. बाहेर आल्यावर बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "काहून वं, तोंड पाडून राहिली? मतदान घेतलं असतं तर हरलो असतो. हरलेल्या दुरुस्तीले कोणी विचारत नाही. दिलेल्या आश्वासनामागं सभागृहाची समिती लागते, ती पाठ सोडत नाही." मग आवाज खाली आणत म्हणाल्या, "माझी माय नाल्याअलीकडची. शाळा पलीकडे. दोन पावसाळे घरी बसली, अन् मग कायमचीच बसली. आमचं धम्मदीक्षा घेतलेलं घर, शिक्षणाचं वेड रक्तात. पण तिले अंगठाच लावावा लागला. मी हे हसत करते, म्हणून गंमत समजू नको."

विधेयक मंजूर झालं, पण नियम काही आले नाहीत. बाईंनी समितीला सोडलं नाही, प्रत्येक अधिवेशनात स्मरण दिलं. पण त्यांची मुदत संपली. परिषद कधी विसर्जित होत नाही, थोडे थोडे सदस्य तेवढे निवृत्त होतात. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी बाईंना सभागृहाचं भूषण म्हटलं. बाहेर आल्यावर बाई माझ्या कानात म्हणाल्या, "भूषणापेक्षा नियम दिले असते तर बरं होतं." दरम्यान सरकार बदललं, आणि विलीन करायच्या शाळांत त्या गावाचं नाव आल्याची कुणकुण लागली.

पुढच्या हिवाळ्यात बाई नंदनवनातल्या आपल्या घरून ऑटोनं आल्या आणि माझ्या शेजारी प्रेक्षक गॅलरीत बसल्या. तिथं चकार शब्द काढायला मनाई. खाली विरोधी बाकांवरून एक सदस्य उठले. तेच आपले माजी मंत्री. शाळांच्या अंतराबाबत आधीच्या मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन का पाळलं नाही, असं ते विचारत होते.

"आधीचे मंत्री आपणच होतात!" नवे मंत्री म्हणाले. सभागृह खदखदून हसलं.

"म्हणूनच लाज वाटून विचारतोय."

चिठ्ठी आली. नवे मंत्री वाचू लागले, "सदर बाब तपासून..."

"तपासायला काही उरलेलं नाही, महोदय. मी चालून आलोय."

सभापतींनी अधिवेशन संपण्याआधी नियम पटलावर ठेवण्याचे निर्देश दिले, आणि बाईंनी गॅलरीत टाळ्या वाजवल्या. मनापासून, वर्गात पोरगं पाढा बिनचूक म्हणाल्यावर वाजवायच्या तशा. मार्शल धावत आला. ओळखून ओशाळला. "बाई, माफ करा, पण तुम्हाला बाहेर जावं लागेल."

"चल गा, ने मले," म्हणत त्या ऐटीत उठल्या. पायऱ्यांवर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं आत होती, कोणी बाहेर काढलं नाही. मनात राहूनच गेलं होतं."

नियम आले. ती शाळा आजही भरते. बाई मात्र त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या.

आता मी एका तरुण आमदाराकडे काम करते. पोरगा हुशार आहे, पण त्याचे प्रश्न वर्तमानपत्रातल्या कात्रणांवरून तयार होतात. परवा एका आश्रमशाळेचा प्रश्न सहीसाठी समोर ठेवला आणि मी विचारलं, तुम्ही ती पाहिली आहे का? त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी तो कोणाला न सांगता गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा केसांत धूळ होती आणि चेहरा उतरलेला. माझ्यासमोर त्यानं आधीचा प्रश्न फाडून टाकला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "लिहा."