मेहुणा दुभाषी होतो

माझ्या मेहुण्याला युक्रेनियन येत नाही आणि रशियनही येत नाही. तरी दोह्यात त्याने या दोन भाषांमध्ये दुभाष्याचं काम केलं आहे. कामाला लावलं मीच.

वर्ल्डकपच्या तयारीचे दिवस होते. अल रय्यानच्या एका स्टेडियमचे लाइट आमच्या कंपनीकडे होते. लाइट बसवणारा फोरमन मिकोला युक्रेनचा, तपासून सही करणारा ओलेग रशियाचा. मिकोलाने एकदा ओलेगची मॅनलिफ्ट, म्हणजे वर चढायची गाडी, न विचारता नेली आणि तेव्हापासून दोघांचं बिनसलं. 'समोरच्याची बोली कळत नाही' म्हणून दोघंही आपापल्या टपोरी भाषेत मला मेसेज पाठवायचे. ऑफिसच्या दुभाष्याने हात टेकले. फोनने भाषांतर दिलं, 'बकरीला छत्री दे.' (त्यावर आम्ही मीटिंगसुद्धा घेतली.)

मॅनेजर म्हणाला, दोघांची गल्लीतली भाषा कळणारा माणूस आण, लाइट लागले तर तुझी लीव्ह, नाहीतर खलास. लीव्ह होती नाशिकला सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी! माझ्या बायकोच्या, वैशालीच्या बॅगा कधीच्या भरून तयार होत्या. मी रिकाम्या हातांनी घरी गेलो असतो, तर तिने मलाच बॅगेत भरलं असतं.

तेवढ्यात मला सुहास आठवला. वैशालीचा धाकटा भाऊ, युक्रेनमध्ये सहा वर्षं डॉक्टरकी शिकलेला, नोकरी शोधायला अल सद्दला आमच्याकडे उतरलेला. तिकडची माणसंसुद्धा याला विचारून बोलायची, असं वैशालीचं म्हणणं. मी छाती फुगवून मॅनेजरला शब्द दिला.

गाडीत सुहास म्हणाला, "दाजी, होस्टेलवर सगळी आपलीच पोरं होती. मला फक्त बटाटे मागता येतात." मला वाटलं, विनय!

साइटवर मिकोला तावातावाने काहीतरी बोलला. सुहासला दरदरून घाम फुटला. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि ओलेगकडे वळून नुसत्या भुवया उंचावल्या. ओलेगने ताबडतोब उत्तर दिलं, तेही सुहासकडे बघून. सुहासची मान आता मिकोलाकडे. असं तासभर चाललं आणि संध्याकाळी लाइट लागले! मॅनेजरने सुहासला मिठी मारली.

मी हळूच विचारलं, "काय म्हणत होते रे?"

"मला काय माहीत? त्यांना एकमेकांचं सगळं कळतं, दाजी. फक्त एकमेकांशी बोलायचं नाहीये."

इथे गप्प बसावं की नाही? मी जेवताना हा किस्सा रंगवून सांगितला, वर सुहासला विचारलं, "सहा वर्षं बटाटेच सोलले का रे?" वैशालीने डाव खाली ठेवला आणि त्या क्षणापासून माझ्याशी अबोला धरला.

विमानात ती खिडकीपाशी, मी कडेला, मध्ये सुहास.

"सुहास, तुझ्या दाजींना सांग, माझी पर्स वर ठेवा म्हणावं."

शुद्ध मराठी, हातभर अंतर. मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी सुहासकडे बघून विचारलं, "काय म्हणते?"

सुहासने गंभीरपणे मान हलवली आणि भुवया उंचावल्या.