दोन्ही वायरी लाल

तोंडातला चहाचा घोट आधी गिळून घ्या बघू. नंतर ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. मी आता जो पराक्रम सांगणार आहे तो ऐकून आमच्यातल्या एका हेलिकॉप्टरवाल्याने नशिराबादच्या माळावर अक्षरशः बसकण मारली होती!

हेलिकॉप्टरवाला म्हणजे त्यात बसून जाणारा नव्हे हो. रिमोटवर उडवणारा. बॅटरीचं असतं ते, पंख्याएवढ्या पात्यांचं. आमचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचं मोडकं हेलिकॉप्टर माळ्यावर टाकून गेला. मी दुरुस्त करायला म्हणून खाली काढलं, ते आजतागायत परत वर ठेवलेलं नाही. आता जळगावात, आमच्या पिंप्राळ्यात, कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा, 'हेलिकॉप्टरवाल्या काकूंकडे' म्हटलं की थेट दारात आणून सोडतो.

तशी मी या कामातली अगदीच उपरी नाही. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य पोरांना डाग द्यायला शिकवण्यात गेलं. डाग म्हणजे सोल्डरिंग. कपड्यावरचा नव्हे! बॅटरीच्या आणि हेलिकॉप्टरच्या वायरींना टोकाशी पितळी गोळ्या बसवतात, एकीत दुसरी खटकन बसणाऱ्या. आधी वायरीला कथील पाजायचं, गोळी लाकडी ठोकळ्याच्या भोकात उभी करायची, तापवायची, तिच्या वाटीत कथील वितळलं की वायर आत सोडायची आणि श्वास रोखून धरायचा. हात हलला की डाग मळकट, म्हणजे कच्चा. माझा डाग असा चकचकीत बसतो की त्यात बघून टिकली लावावी.

आता एवढी फुशारकी मारतेय म्हणजे पुढे काहीतरी झालेलं असणार, हे तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसांना कळलंच असेल.

माळावर हेलिकॉप्टर उडवायला येणारी मंडळी मला नेहमी सांगायची, "काकू, अधिकला एक जातीची गोळी लावा, उण्याला दुसऱ्या जातीची. म्हणजे उलटं जोडायचं म्हटलं तरी जोडलं जाणार नाही." मी म्हणायची, "डोळे कशाला दिलेत देवाने? लाल ते अधिक, काळं ते उणे. ज्याला रंग कळत नाहीत त्याने पतंग उडवावा!"

पतंग! अशी मी.

तर आमच्या ह्यांची थोरली बहीण म्हणजे अक्का. साक्रीला असतात. ह्यांना आईच्या जागी, आणि अख्ख्या गोतावळ्याला कोर्टाच्या जागी. अक्का बोलल्या की निकाल लागला. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा खापरावर टाकायचा माझा पहिला मांडा थेट चुलीत गेला. बस्स! तेव्हापासून साक्रीला कुठलंही कार्य असो, मी पदर खोचला की अक्का म्हणणार, "तू बस वं सुनंदा."

इतर जावा नणंदा घामाघूम होऊन धावताहेत आणि मी पाहुण्यासारखी खुर्चीत! तुम्हाला वाटेल, किती सुख. अहो, लग्नघरात ज्या सुनेला काम सांगत नाहीत ना, तिचं दुःख तिलाच ठाऊक. मला फार लागायचं ते.

आणि एक दिवस अक्कांच्या मयुरीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. तिचा मला फोन. "मामी, मामा मला मांडवात घेऊन येईल ना, तेव्हा आमच्या पुढे वाटेवर तुझ्या हेलिकॉप्टरमधून पाकळ्या टाकशील?"

मला रडूच आलं. साक्रीच्या कार्यात मला काम! मी लगेच हेलिकॉप्टरच्या पोटाखाली उघडझाप करणारी टोपली बसवली. वाटेला दोन्हीकडून दोर बांधून घ्यायचं ठरवलं, म्हणजे खाली कोणी येणार नाही. सगळं तयार. फक्त अक्कांची मंजुरी बाकी होती.

लग्नाचा बस्ता बांधायला अक्का जळगावला आल्या, आमच्याकडेच उतरल्या. शालू, पैठण्या, आहेराची लुगडी सगळं बघून झालं आणि त्यांची नजर टेबलावर गेली.

"हाई काय शे वं?"

"हेलिकॉप्टर, अक्का."

"ते दिसस माले. हाई काळं काय शे?"

"ती वायर. काळी म्हणजे उणे, लाल म्हणजे अधिक."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "लगीनमा काळं? आनि वरतून उणं? मनी पोरगीना लगीनमा काहीच उणं नको! दोन्ही अधिक लाव."

"अक्का, दोन्ही अधिक लावून ते उडणार नाही."

"मंग रंग तरी लाल लाव. रंगवर उडस का ते?"

आणि इथेच मी फसले. कारण अक्कांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं! विजेला कुठे रंग दिसतो? काळ्या वायरीतून जाते ती लाल वायरीतूनही जाणारच. शिवाय मला अक्कांची मर्जी सांभाळायची होती. म्हटलं, "हो अक्का, करते लाल."

काळ्या वायरी काढल्या, लाल जोडल्या. डागावर चढवायची रबरी नळी, म्हणजे स्लीव्ह, तीसुद्धा लाल. एकदा तर डाग अप्रतिम बसला आणि बघते तर स्लीव्ह टेबलावरच! ती डाग द्यायच्या आधीच वायरीवर चढवायची असते. पुन्हा सोडवा, पुन्हा डाग द्या. चार्जिंगच्या बारीक वायरी लाल फितीत गुंडाळल्या. शेवटी बॅटरी अशी दिसायला लागली की तिचंच लग्न आहे.

हे शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, पण ओळखणार कशी?"

"तुम्ही नवरीचे मामा आहात. फेटा कसा बांधायचा ते बघा. डागाचं मला शिकवू नका."

हे गेले फेटा बघायला.

लग्नाचा दिवस उजाडला. वैशाखातलं साक्री, काय सांगायचं! मांडवात मोठमोठे कूलर घोंघावत होते आणि तरी माणसं पातळ होत होती. मांडवाच्या दाराशी एका बाजूला पडदा लावून मला जागा दिली होती. एका स्टुलावर हेलिकॉप्टर. बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं की पडद्याआडून आवाज आला की वाजवायला लागा.

हेलिकॉप्टरच्या बाजूची मला चिंता नव्हती, आतल्या सर्किटवर अधिक, उणे छापलेलं असतं. पण बॅटरी म्हणजे नुसती लाल वीट आणि तिच्यातून निघालेल्या दोन लाल वायरी. मी अगदी शहाण्यासारखं मीटर लावून बघितलं आणि अधिकच्या वायरीला कुंकवाचं बोट लावलं. पर्समध्ये पेन होतं, हो! पण मला वाटलं, कुंकू शुभ. अक्कांनाही बरं वाटेल. मीटर ह्यांच्या बॅगेत टाकला. बॅग गेली दागिन्यांच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली अक्कांच्या कमरेला.

मी शालू नेसायला गेले. परत येऊन बघते तो काय!

अक्का आरतीचं ताट घेऊन उभ्या. हेलिकॉप्टरला हळदकुंकू, रिमोटला हळदकुंकू, स्टुलाच्या पायाशी नारळ, आणि बॅटरीच्या दोन्ही वायरींवर, दोन्ही बरं का, कुंकवाची बोटं! बठ्ठासले सारखं, सगळ्यांना समान न्याय.

"नवं मशीन शे," अक्का म्हणाल्या, "पूजा नको का?" असं म्हणून त्यांनी माझ्याही कपाळावर कुंकू लावलं आणि मोठ्या मायेने म्हणाल्या, "आते तुना हातमा शे वं सुनंदा."

माझ्या हातात! इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला मी तळमळले होते, आणि ते मिळालं तेव्हा माझ्या हातात दोन लाल वायरी होत्या आणि कुठली कोणती ते मला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, किल्ली मागायची, मीटर आणायचा. अहो, कोणत्या तोंडाने? 'अक्का, पोरांना शिकवणाऱ्या मला अधिक कुठलं ते कळेना' असं म्हणू? मग जन्मभर खुर्चीतच बसले असते. तिकडे हे फेटा बांधून मयुरीचा हात धरून दाराशी आले होते. बँडवाला माझ्याकडे बघत होता, भटजी घड्याळाकडे.

मग मी डोकं चालवलं. तिथेच चुकले.

दोन्ही बोटं नीट निरखली. एक पातळ, एक चांगलं जाड. म्हटलं, सोपं आहे! अधिकला आधी मी लावलं, त्यावर अक्कांनी लावलं. दोन थर म्हणजे जाड. जाड ते अधिक. मला माझ्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

पहिली गोळी बसवली. दुसरी टेकवली मात्र...

फाट्!

निळी ठिणगी, पाठोपाठ आतला कपॅसिटर फुटल्याचा सुतळी बॉम्बसारखा आवाज, आणि मग धूर. धूर म्हणजे किती धूर! मी झटका देऊन बॅटरी सोडवली, बोट भाजलं, शालूच्या पदराने वारा घालायला लागले. स्टुलावर माझं हेलिकॉप्टर कुंकू लावून शांत पडलेलं. संपलं म्हटलं. आता अक्का, आता साक्री, आता जन्माची खुर्ची.

पण बाहेर निराळंच चाललं होतं.

आवाज झाला म्हणून बँडवाल्यांनी ठरल्याप्रमाणे दणक्यात सुरुवात केली. बँड वाजला म्हणून हे मयुरीला घेऊन निघाले. आणि कूलरच्या वाऱ्याने माझा सगळा धूर पडद्याखालून असा सुळकन वाटेवर सोडला की नवरी ढगातून चालत येतेय! हल्ली मोठ्या लग्नांत मशीन लावून धूर सोडतात ना, लोकांना वाटलं तेच. टाळ्या! शिट्ट्या! मयुरी हसतेय, ह्यांचा फेटा तेवढा धुरावर तरंगताना दिसतोय.

व्हिडिओवाल्याने पडद्यातून डोकं आत घातलं. "मॅडम, एक नंबर! आणखी एक सोडा ना, क्लोजअप राहिला."

"अरे बाबा, जळालंय ते!"

"हो हो, तसंच जाळा अजून एक."

व्याह्यांकडच्या एक माळकरी आजी नाक मुरडत विचारत होत्या, "मासळी कोन रांधी राह्यनं?" तेवढाच काय तो विरोधी सूर. मी कोपऱ्यात जाऊन भाजलेलं बोट उसाच्या रसाच्या ग्लासात बुडवून बसले.

पंगतीत अक्का मला शोधत आल्या. मी उठून उभी राहिले, म्हटलं ऐकून घेऊ एकदाचं. तर त्यांनी सगळ्यांसमोर माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "माय वं! देवनी पोर ढगमाईन उतरनी असं वाटनं माले."

"अक्का, अहो ते चुकून झालं. हेलिकॉप्टर जळलं."

"लाजू नको वं." अक्का लोकांकडे वळल्या. "हाई सुनंदा, मना भाऊनी बाई. दखा किती मोठी व्हयनी तरी गर्व नही!" मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मनी पूजानंबी गुण आला. एक वायरले तू पहिलेच कुंकू लायेल व्हतं, तिले मी हातबी नही लावा. दुसरी बिचारी कोरडी व्हती, तिलेच जाड लावं."

हातातला लाडू हातातच राहिला. जाड ते उणे! प्रयोगशाळेतल्या पोरांना मी हजारदा सांगितलंय, अंदाजाने जोडू नका, मीटर लावा. आणि स्वतः कुंकवाचे थर मोजत बसले!

हेलिकॉप्टर माझं कामातून गेलं होतं, पण खरं सांगते, मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. मयुरी येऊन गळ्यात पडली, जावांनी आग्रहाने वाढलं, आणि अक्कांनी चक्क मला आहेराच्या साड्यांच्या खोलीत कामाला लावलं. किती छान वाटलं म्हणून सांगू! मी दुपारभर धावत होते.

निघताना व्याह्यांकडच्या एक बाई समोर आल्या. धुळ्याच्या, ठसठशीत, नवरदेवाच्या आत्याबाई. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, आमच्या मुलाचंही लग्न आहे, धुळ्याला. तुम्ही यायचंच."

"येईन की! आता ते नीट करते आणि आधी चांगलं उडवून बघते. पाकळ्या तर अशा पडतील ना..."

आत्याबाई जरा अवघडल्या. "नाही, म्हणजे धूर झकासच होता हो तुमचा. तो तसाच पाहिजे. फक्त ते पंख्याचं मशीन आणू नका. फोटोत मध्ये येतं."

मी अक्कांकडे बघितलं. अक्का माझ्याकडे अशा अभिमानाने बघत होत्या, की काय सांगू.

"तारीख कळवा," मी म्हटलं.