ब्रेकवरचा पाय

खाली पार्किंगमध्ये शेजारचा निखिल गाडीच्या मागच्या दिव्याचा उडालेला बल्ब बदलत होता. त्याची बायको स्टिअरिंगमागे बसली होती.

"दाब गं ब्रेक."

"लागला?"

"नाही. सोड. आता दाब... हां, लागला!"

एवढ्याशा कामात इतकं हसण्यासारखं काय होतं, देव जाणे. बाल्कनीत कपडे वाळत घालताना मला दोघांचा रागच आला. उडू दे परत, असंही मनात येऊन गेलं.

हे गेल्यापासून मी गाडी भिंतीला पाठ करून लावायची, ब्रेक दाबायची आणि भिंतीवर लाल उजेड पडला का ते आरशात बघायची. अलीकडे तेही सोडलंय. आपल्या गाडीचा मागचा दिवा आपल्याला दिसत नाही. कुणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. भिंत दाखवते, पण बोलत नाही.

"काकू, सकाळी तुम्ही गाडी लावताना पाहिलं, तुमचाही डावा दिवा गेलाय," निखिलने वर बघून हाक मारली. "माझ्याकडे एक बल्ब आहे, या खाली."

गेले. त्याने बल्ब बसवला, मी ब्रेक दाबला.

"लागला, काकू!"

स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी काच खाली केली आणि विचारलं, "काय म्हणालास?"