मागं सरायला जागा

आई गेल्यावर आबा म्हसवडकडचं घर बंद करून माझ्याकडे सांगलीला आले. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस फ्लॅटमध्ये करणार काय? हॉलमधल्या माझ्या माशांच्या टाकीपुढे खुर्ची ओढून बसायचे. टाकीत किलीफिश होते, दोन नर आणि बाकी माद्या. माद्या मातकट, आणि नर मात्र निळ्या अंगावर लाल ठिपके मिरवत जत्रेतल्या एडक्यासारखे नटलेले. त्यातल्या बारक्या नरावर आबांचा लय जीव. माझी बायको म्हणायची, "नातवापेक्षा ह्याचंच कौतुक जास्त!"

पण मोठा नर बारक्याला जगू देईना. पर फुगवून अंगावर जायचा, शेपटीचे लचके तोडायचा. बारका फिल्टरमागच्या फटीत दडून बसायचा. मी म्हणालो, रविवारी दुसरी टाकी आणतो.

"कशाला रं? एडक्यांचं काय करतो आपण? दोघास्नी अडचणीत कोंडायचं. मागं सराय जागाच न्हाई, तर टक्कर कशी मारंल?"

मेंढरांच्या बाबतीत ते खरंच होतं. नवा एडका कळपात आणला की आबा त्याला जुन्याबरोबर दाटीत कोंडायचे. अंगाला अंग घासून वास एक व्हायचा आणि सोडल्यावर दोघं शेजारी शेजारी चरायचे.

आम्हा भावांवरही त्यांनी हाच उपाय केला होता. लग्नं झाल्यावर दादाचं आणि माझं पटेना. दोघांनीही वेगळी चूल मागितली. "एका घरात ऱ्हावा, आपोआप निवळंल," एवढंच आबांचं उत्तर. भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात, पण आमच्याकडे डोकी फुटायची वेळ आली. शेवटी दादा सोनं गाळायच्या गलाईच्या धंद्यात परमुलखात निघून गेला आणि मी सांगलीला आलो. आईच्या मातीला तो आला, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

रविवार यायच्या आतच एका संध्याकाळी कामावरून आलो, तर टेबलावर लोणच्याची काचेची बरणी. तिच्यातल्या पाण्यात मोठा नर वर फिरत होता. बारका तळाला आडवा पडलेला, शेपूट उरलीच नव्हती. शेजारी आबा मांडीवर हात ठेवून बसले होते.

"सकाळी घातलं दोघास्नी. वाटलं, तू येस्तवर गोडीनं ऱ्हातील."

"आवं आबा, माशाचं काय एवढं मनाला लावून घेता?"

"एडक्याला टक्कर माराय मागं सरावं लागतं. ह्याला जीव वाचवाय पळावं लागत हुतं. पळाय जागाच ठेवली न्हाई मी." मग बरणी जवळ ओढून म्हणाले, "दोन चुली मांडू द्याय पायजे हुत्या रं तुमाला."

हे एक वाक्य ऐकायला मी किती भांडलो होतो! आता ते आलं, तर गावच्या घराला कुलूप. एकही चूल पेटत नव्हती तिथं.

"दादाला लाव फोन," आबा म्हणाले. "सांगतो त्याला."

मीच माझ्या मोबाईलवरून लावला आणि स्पीकर चालू करून आबांपुढे धरला. बरीच रिंग वाजल्यावर दादानं उचलला. माझा नंबर बघून घाबऱ्या घाबऱ्या त्यानं पहिलं विचारलं,

"कोण गेलं?"